ऑप्शनचा करार वाचताना आधी कंपनी कोणती ते बघा

शेअर-ऑप्शनच्या करारांवर संशोधन आराखडा लिहायचा म्हटलं, की साहित्याच्या आढाव्यात एक वाक्य हमखास येतं: मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली एमसीएक्स-एसएक्स प्रकरणात असे करार वैध ठरवले आणि २०१३ मध्ये सेबीने अधिसूचना काढून त्यांना मान्यता दिली. वाक्य सुटसुटीत आहे. पेटच्या पेपरात लिहिलंत तर मार्कही मिळतील. पण दोन साध्या माणसांमधल्या वादावर संशोधन करायचं असेल, तर या वाक्यावर उभं राहून फार लांब जाता येत नाही. या लेखात तेच वाक्य तपासून बघू. त्यात काय बरोबर आहे, काय सुटलंय आणि जे सुटलंय त्याने कोणाचं नुकसान होतं, एवढं बघायचं.

आधी एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे निकाल हवेत राहणार नाहीत. उदाहरण काल्पनिक आहे. आमच्या तुमसरला धानाची मोठी बाजारपेठ आहे, राइस मिल भरपूर आहेत, म्हणून तेच घेतलं.

समजा, एक राइस मिल प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. शेअरहोल्डर चार-पाच, सगळे घरचेच. शेठला तांदूळ निवडायचं नवीन सॉर्टेक्स मशीन घ्यायचंय, बँकेचं कर्ज आधीच डोक्यावर आहे. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींकडे पीएफचे १० लाख रुपये आहेत. शेठ म्हणतात, “गुरुजी, माझ्या नावावरचे हजार शेअर हजार रुपये भावाने तुमच्या नावावर करून देतो. तीन वर्षं ठेवा. नंतर नको वाटले तर सांगा, तेराशे भावाने मी स्वतः परत घेतो.” ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एवढंच लिहिलं जातं, दोघांच्या सह्या होतात.

गुरुजींना इथे जे मिळालं त्याला पुट ऑप्शन म्हणतात. विकायचं की नाही हे गुरुजी ठरवणार. पण त्यांनी ‘विकतो’ म्हटलं की घेणं शेठवर बंधनकारक. याच्या उलट, शेठने स्वतःकडे हक्क ठेवला असता की ‘मी मागीन तेव्हा तुम्ही शेअर परत द्यायचे’, तर तो कॉल ऑप्शन झाला असता. दोन्हींत मुद्दा एकच: एका बाजूला मुभा, दुसऱ्या बाजूला बंधन.

तीन वर्षांनी गुरुजी म्हणतात, “शेठ, पोरीचं लग्न काढलंय. शेअर घ्या आता.” शेठ म्हणतात, “गुरुजी, वकील म्हणतो तो कागदच बेकायदेशीर आहे.” आता सांगा, गुरुजींना २०१२ चा निकाल कितपत उपयोगी पडेल?

बेकायदेशीर का म्हणेल कोणी?

शेठच्या वकिलाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. शेअर बाजाराबाहेरचा सट्टा आवरायला १९५६ साली सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) कायदा आला. याला पुढे आपण ‘सिक्युरिटीज कायदा’ म्हणू. त्या कायद्याखाली २७ जून १९६९ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली. त्यानंतर स्पॉट डिलिव्हरी, म्हणजे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माल आणि पैसा यांची देवाणघेवाण, सोडून बाजाराबाहेरचे शेअरचे करार करायला बंदी आली. १ मार्च २००० ला सेबीने नवी अधिसूचना काढली, पण चौकट साधारण तीच राहिली. शिवाय कलम १८-क सांगतं, की डेरिव्हेटिव्हचे करार मुख्यतः मान्यताप्राप्त शेअर बाजारात झाले तरच वैध.

म्हणून युक्तिवाद असा: आज सही, तीन वर्षांनी शेअरचा ताबा, म्हणजे ही स्पॉट डिलिव्हरी नाही. मग हा वायदा. आणि बाजाराबाहेरचा वायदा म्हणजे बेकायदेशीर करार.

२०१२ च्या निकालात खरं काय होतं

एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजला इक्विटीचे व्यवहार सुरू करायचे होते. शेअर बाजारात कोणाचा किती हिस्सा असावा याची सेबीची नियमावली होती, म्हणून प्रवर्तकांनी आपला हिस्सा कमी केला होता. तरी सेबीने २३ सप्टेंबर २०१० च्या आदेशाने परवानगी नाकारली. एक कारण असं दिलं, की प्रवर्तकांनी शेअर विकताना घेणाऱ्यांशी बायबॅकचे करार केलेत आणि ते बेकायदेशीर वायदे आहेत. १४ मार्च २०१२ ला न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. ए. सय्यद यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. बायबॅकबद्दल न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: घेणाऱ्याने आपला हक्क वापरला तरच विक्रीचा करार जन्माला येतो, तोवर खरेदी-विक्रीचं बंधनच नाही, मग त्याला वायदा कसं म्हणायचं? याला आधार म्हणून न्यायालयाने आपलाच एक जुना निकाल घेतला. तो म्हणजे जेठालाल ठक्कर विरुद्ध आर. एन. कपूर, ए.आय.आर. १९५६ मध्ये छापलेला, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाचा.

निकाल महत्त्वाचा आहे यात वाद नाही. पण संशोधक म्हणून वाचताना तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पहिली: हा वाद ऑप्शन देणारा आणि ऑप्शन घेणारा यांच्यातला नव्हता. भांडत होते एक शेअर बाजार आणि त्याचा नियामक. ‘माझे शेअर घे’ असं म्हणणारा कोणीही त्या खटल्यात समोर उभा नव्हता. त्यामुळे नोटीस कशी द्यायची, भाव कसा काढायचा, मुदत कधी संपते, यातला एकही प्रश्न न्यायालयापुढे आला नाही.

दुसरी: कलम १८-क चा, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा मुद्दा सेबीच्या मूळ आदेशाचा पाया नव्हता, म्हणून न्यायालयाने त्यावर अंतिम मत दिलं नाही. ‘२०१२ ला सगळं वैध ठरलं’ असं लिहिणारे हा भाग सोडून देतात.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात कच्ची आहे, आणि ती निकालाच्या तर्कातच आहे. ऑप्शन हा करार कायद्याच्या कलम ३१ मधला, घटनेवर अवलंबून असलेला करार आहे असं मानलं जातं. पण कलम ३१ मधली घटना कराराशी आनुषंगिक, म्हणजे कराराच्या बाहेरची हवी. जहाज बंदरात पोचलं तर, घर जळालं तर, अशी. गुरुजींनी ‘विकतो’ म्हणणं ही बाहेरची घटना कशी? तोच तर कराराचा गाभा आहे. त्यापेक्षा, शेठने मोबदला घेऊन एक प्रस्ताव तीन वर्षं उघडा ठेवलाय, मागे घेणार नाही असं कबूल केलंय, आणि गुरुजी तो स्वीकारतात किंवा नाही, असं बघणं जास्त सरळ आहे.

तुम्ही म्हणाल, दोन्हीकडून उत्तर ‘वायदा नाही’ हेच येतं, मग फरक काय पडतो? वैधतेत पडत नाही, अंमलबजावणीत पडतो. उघडा प्रस्ताव मानला, तर स्वीकार ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीनेच व्हायला हवा. कॅल्टेक्स विरुद्ध भगवान देवी मरोडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. ते प्रकरण भाडेपट्टा वाढवून घेण्याच्या ऑप्शनचं होतं, पण तत्त्व तेच: ऑप्शनची मुदत काटेकोर असते, उशीर झाला तर न्यायालय सहानुभूती दाखवून हक्क परत देत नाही. गुरुजींच्या कागदावर मुदतच नीट लिहिलेली नाही. त्यांच्यासाठी प्रश्न इथे आहे.

त्याच करारांची पुढची गोष्ट कोणी सांगत नाही

आता गंमत बघा. एमसीएक्स-एसएक्सच्या त्याच शेअरविक्रीतला एक ऑप्शनधारक पुढे खरंच न्यायालयात गेला. आढाव्यांमध्ये २०१२ चा निकाल भरभरून येतो. हे प्रकरण मात्र दिवाळखोरी कायद्याच्या प्रकरणात पडतं, म्हणून ऑप्शनवर लिहिणाऱ्यांना दिसत नाही.

२० ऑगस्ट २००९ ला आयएल अँड एफएस गटाच्या कंपनीने एमसीएक्सकडून या बाजाराचे ४४२ लाख शेअर घेतले. त्याच दिवशी ला-फिन या कंपनीने हमीपत्र दिलं, की एक वर्षानंतर पण तीन वर्षांच्या आत हे शेअर आम्ही किंवा आमचा कोणी परत घेऊ. मुदत संपत आली तेव्हा, ऑगस्ट २०१२ मध्ये, आयएल अँड एफएसने हक्क वापरत असल्याचं पत्र पाठवलं. ला-फिनने त्याच महिन्यात ‘आमच्यावर असं बंधनच नाही’ म्हणून कळवलं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लागला. तो मुदतीत होता. पण दावा चालू असताना ऑक्टोबर २०१६ मध्ये आयएल अँड एफएसने ला-फिनविरुद्ध कंपनी गुंडाळण्याचा अर्जही केला. २५ सप्टेंबर २०१९ ला जिग्नेश शाह विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा अर्ज मुदतबाह्य आहे. नकार ऑगस्ट २०१२ मधला, तीन वर्षं ऑगस्ट २०१५ ला संपली. वेगळा दावा चालू आहे म्हणून या अर्जाची मुदत थांबत नाही.

म्हणजे ज्या शेअरविक्रीवरून ‘ऑप्शन वैध की अवैध’ हा मोठा सिद्धांत बांधला गेला, त्याच शेअरविक्रीत ऑप्शनधारकाचा अर्ज पडला तो कॅलेंडरवर. वैधता हा प्रश्न खोटा नाही. पण तोच एक प्रश्न आहे असं धरून चाललं, की बाकीचे प्रश्न दिसेनासे होतात.

खऱ्या ऑप्शनधारकाचा वैधतेवरचा निकाल हवा असेल, तर एडलवाइस विरुद्ध पर्सेप्ट फिनसर्व्ह वाचा. मार्च २०१९ मधला, न्या. एस. सी. गुप्ते यांचा. एडलवाइसने पर्सेप्ट गटात २० कोटी रुपये घातले होते. गटाची पुनर्रचना ठरल्याप्रमाणे झाली नाही तर शेअर परत विकायचा, वर १० टक्के परतावा घ्यायचा हक्क करारात होता. पुनर्रचना झाली नाही. लवादाने ‘हा वायदाही आहे आणि डेरिव्हेटिव्हही’ म्हणून मागणी फेटाळली. न्या. गुप्ते यांनी लवादाचा तो निष्कर्ष टिकू दिला नाही. २०१२ ला राहिलेला कलम १८-क चा प्रश्न इथे थेट हाताळलाय: करारात ऑप्शनचं एक कलम असणं वेगळं आणि ऑप्शनची बाजारात खरेदी-विक्री करणं वेगळं. हा निकाल २०१२ च्या निकालापेक्षा आपल्या विषयाच्या खूप जवळचा आहे.

विसरलेला निकाल: दहीबेन पटेल

पण थांबा. एवढं सगळं वाचून झालं तरी गुरुजींच्या कागदाला एक मूळ प्रश्न विचारलाच नाही: सिक्युरिटीज कायदा त्यांच्या शेअरना लागतो का?

मुंबई उच्च न्यायालयाचाच एक निकाल आहे, दहीबेन उमेदभाई पटेल विरुद्ध नॉर्मन जेम्स हॅमिल्टन. १९८५ च्या कंपनी केसेसच्या ५७ व्या खंडात तो छापलेला आहे. त्याच वादातला एकल न्यायाधीशांचा निकाल १९७९ च्या खंडात मिळतो. नावावरूनच दिसतं, की इथे एका बाजूला एक व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूलाही एक व्यक्ती. वाद खासगी कंपनीच्या शेअरच्या कराराचा. न्यायालय म्हणालं, की कायद्यातली ‘सिक्युरिटीज’ची व्याख्या बाजारात विकण्याजोग्या रोख्यांची आहे. खासगी कंपनी ही व्याख्येनेच शेअर हस्तांतरावर बंधन घालणारी. तिचे शेअर मोकळेपणाने बाजारात जाऊच शकत नाहीत. म्हणून या व्याख्येत फक्त पब्लिक लिमिटेड कंपन्यांचे शेअर येतात.

२०१३ मध्ये भगवती डेव्हलपर्स विरुद्ध पीअरलेस या कोलकात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की शेअर बाजारात नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीला हा कायदा लागतो का. न्यायालयाने ‘हो’ म्हटलं आणि ते म्हणताना दहीबेनचाच आधार घेतला. त्या खटल्यातला करार स्पॉट डिलिव्हरीच्या कसोटीवर टिकला नाही.

आता तीन कप्पे करा. शेअर बाजारात नोंद असलेली पब्लिक कंपनी, नोंद नसलेली पब्लिक कंपनी आणि प्रायव्हेट लिमिटेड. पहिल्या दोघींना सिक्युरिटीज कायदा लागतो. त्यांच्यासाठी ३ ऑक्टोबर २०१३ ची सेबीची अधिसूचना कामाची आहे. तिच्यानुसार शेअरहोल्डरांच्या करारातले पुट आणि कॉल चालतात, पण अटी आहेत: विकणाऱ्याने शेअर निदान एक वर्ष सलग स्वतःच्या मालकीत ठेवलेले हवेत, भाव लागू कायद्यांप्रमाणे हवा आणि व्यवहार प्रत्यक्ष शेअर देऊन पुरा व्हायला हवा. तिसऱ्या कप्प्यात, दहीबेन मानला तर, हा कायदाच येत नाही. मग वायदा आहे का, स्पॉट आहे का, वर्षभर ठेवले का, हे सगळे प्रश्न गळून पडतात. उरतो तो साधा करार कायदा.

शेठच्या वकिलाला पहिलं उत्तर हे आहे. गुरुजींना २०१२ च्या निकालाची गरजच पडत नाही. त्यांचा आधार त्याच्याही आधीचा आहे. आणि ‘भारतात कोणत्याही शेअर-ऑप्शनला एक वर्षाची अट आहे’ असं सरसकट लिहिणारे नकळत शेठच्या वकिलाला मदत करतात.

दहीबेनवरही प्रश्न विचारा

आवडत्या निकालालाही सोडायचं नाही. दहीबेनविरुद्ध बोलण्यासारखं आहे. कोलकाता उच्च न्यायालयाने ईस्ट इंडियन प्रोड्यूस प्रकरणात १९८८ च्या सुमारास वेगळा सूर लावला होता. शिवाय २०१३ चा कंपनी कायदा ‘सिक्युरिटीज’ हा शब्द सिक्युरिटीज कायद्यातूनच उचलतो आणि तोच शब्द खासगी कंपन्यांसाठीही वापरतो. छोट्या सोडून इतर खासगी कंपन्यांनी रोखे डीमॅट स्वरूपात द्यावेत असा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. म्हणजे एका कायद्यात जे ‘सिक्युरिटीज’ आहेत, ते ज्या कायद्यातून शब्द घेतला तिथे नाहीत, अशी विचित्र स्थिती झाली. न्यायालयं हा गुंता कसा सोडवतील? प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण यावर होऊ शकतं.

दुसरी एक चुकीची वाट. खासगी कंपनी म्हटलं, की विद्यार्थी रंगराज विरुद्ध गोपालकृष्णनकडे धावतात. १९९१ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. एका कुटुंबाच्या दोन शाखांची खासगी कंपनी होती. शेअर ज्या-त्या शाखेतच राहावेत असं आपापसात ठरलं होतं, पण ते कंपनीच्या नियमावलीत नव्हतं. न्यायालयाने ते बंधन मानलं नाही. पण नीट बघा, तिथे शेअर बाहेर विकायला बंदी होती. गुरुजींच्या कागदात बंदी कसलीच नाही. ‘मी विकत घेईन’ असं एका माणसाने दिलेलं वचन आहे. रंगराजने असं वचन मारलेलं नाही. नियमावलीचा संबंध इथे नंतर येतो: शेअर शेठच्या नावावर चढवताना संचालक मंडळाची मान्यता, इतर शेअरहोल्डरांना आधी विचारायची अट वगैरे. शेठ स्वतःच संचालक असेल तर ‘मंडळ मान्यता देत नाही’ हे कारण त्याच्या तोंडी किती शोभेल, हाही प्रश्न आहे.

आणि कागदावर ‘मी घेईन’ लिहिलंय की ‘कंपनी घेईल’? एका शब्दाने सगळं फिरतं. कंपनीने स्वतःचे शेअर परत घेणं यासाठी कंपनी कायद्यात कलम ६८ चे वेगळे, कडक नियम आहेत.

भांडण खरं कशावर होतं

वैधता बाजूला ठेवली, की उरतात ते घरगुती वाटणारे प्रश्न. खटले त्यांवरच वर्षानुवर्षं चालतात.

भावाचंच घ्या. महाराष्ट्र स्कूटर्सचं प्रकरण दोन साध्या माणसांतलं नाही, एका बाजूला सरकारी महामंडळ होतं. पण भावाचं कलम कसं लिहू नये हे शिकायला ते उत्तम आहे. १९७४ च्या करारात पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी ठरवलं, की एकाला शेअर विकायचे झाले तर आधी दुसऱ्याला विचारायचं. भाव आपसात ठरेल, नाही ठरला तर लवाद ठरवेल. महामंडळाने आपला २७ टक्के हिस्सा विकायला काढला, भाव जुळला नाही. लवादाने जानेवारी २००६ मध्ये शेअरला १५१ रुपये ६३ पैसे ठरवले. २०१० मध्ये एकल न्यायाधीशांनी तो निवाडा रद्द केला, २०१५ मध्ये खंडपीठाने पुन्हा उभा केला आणि शेअर बजाज गटाकडे गेले ते २०१९ मध्ये. मोठ्या संस्था हे पेलतात. गुरुजींची पोरगी तोवर आजी होईल. त्यांच्या कागदावर तेराशे हा आकडा स्पष्ट आहे, ही त्यांची खरी जमेची बाजू.

मग दावा कसला लावायचा? २०१८ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०१८ पासून, करार प्रत्यक्ष पाळायला लावणं ही न्यायालयाची मर्जी राहिलेली नाही. तो हक्क झालाय. पण गुरुजींना ‘मी माझ्या बाजूने तयार होतो’ हे दाखवावं लागेल. म्हणजे शेअर सर्टिफिकेट हाताशी, ट्रान्सफर फॉर्मवर सही, लेखी नोटीस. ऑप्शनधारक घेणारा असेल तर तयारी म्हणजे पैसे. तिथे बँक ऑफ इंडिया विरुद्ध चिनॉय हा मुंबईतूनच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला निकाल वाचा: रोकड टेबलावर मांडायची गरज नाही, पैसे उभे करता येतील एवढं दाखवणं पुरे. मुदतीसाठी मुदत कायद्याचं अनुच्छेद ५४: तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. गुरुजींनी ओळखीखातर ‘पुढच्या दिवाळीला बघू’ असं ऐकत बसायचं नाही.

शेठचा वकील शेवटी आणखी एक पत्ता टाकेल: हे शेअर नव्हतेच, हे व्याजाने घेतलेले पैसे होते आणि गुरुजींकडे सावकारीचा परवाना नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. एका माणसाने एकदाच केलेला व्यवहार म्हणजे सावकारीचा धंदा होतो का, हे इथे तपासावं लागेल. ठरलेला परतावा असलेले पुट ऑप्शन आणि कर्ज यांच्यातली रेघ कुठे ओढायची, यावर मराठीत तर सोडाच, एकूणच अजून खूप लिहिण्यासारखं आहे.

तुमच्यासाठी काम कुठे आहे

आतापर्यंत आलेली नावं पुन्हा बघा. शेअर बाजार, वित्तसंस्था, सरकारी महामंडळ. दहीबेन आणि रंगराज सोडले तर साधी माणसं जवळजवळ नाहीतच. साधी माणसं असे करार करत नाहीत असा याचा अर्थ काढू नका. छापील निकालांत पोचायला वकिलाची फी, अपिलाचा खर्च आणि वर्षं लागतात. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांचेच करार आपल्याला दिसतात. त्या निकालांवरून काढलेला ‘भारतीय कायदा’ मग ज्यांच्याकडे ते नाही त्यांना लावला जातो.

म्हणून आराखडा लिहिताना एवढं करा. प्रत्येक निकालापुढे तीन रकाने आखा: कंपनी कोणत्या कप्प्यातली, न्यायालयापुढे ऑप्शनधारक होता की नाही आणि निकाल वैधतेवर लागला की मुदत, भाव, नोटीस यांपैकी कशावर. दहा निकाल भरले की आढाव्यातली किती वाक्यं उसनी होती ते तुमचं तुम्हाला दिसेल. नंतर खाली उतरा. जिल्हा न्यायालयांचे आदेश ई-कोर्ट्सवर शोधता येतात. शेअरहोल्डरांचे करार हा २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यातला ‘व्यापारी वाद’ आहे, २०१८ पासून त्याची आर्थिक मर्यादा ३ लाखांवर आली आहे आणि तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. गुरुजींचा एका पानाचा कागद ‘शेअरहोल्डरांचा करार’ ठरतो का? ठरला तर त्यांना मध्यस्थीची पायरी आधी चढावी लागेल. नाही ठरला तर नेहमीचा दिवाणी दावा. यावर खालच्या न्यायालयांत काय घडतंय, हे कोणीतरी बसून वाचायला हवं. सीए आणि वकिलांच्या मुलाखती घ्या, नावं गुप्त ठेवून कोरे नमुने मागा. भंडारा, गोंदिया, नागपूर एवढ्या पट्ट्यातलं काम झालं तरी तो प्रबंध स्वतःच्या पायावर उभा राहील.

आणि तोवर कोणी गुरुजी तुम्हाला असा कागद दाखवायला आले, तर २०१२ चा निकाल सांगायच्या आधी चार गोष्टी विचारा: कंपनी प्रायव्हेट आहे का, घेणार म्हणून सही कोणाची आहे, मुदत काय लिहिलीय आणि ‘घेत नाही’ असं शेठ पहिल्यांदा कधी म्हणाले.